एसयूव्हीचं गिअर ऑइल घरी बदलायचंय? आधी वरचा प्लग उघडा!

इंजिन ऑइल कधी बदलायचं हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांतही ऑइल असतं आणि तेही जुनं होतं. ते घरी कसं बदलायचं, हे आज आपण पाहूया.

ऑइल कुठे कुठे असतं?

मॅन्युअल गिअरच्या थार किंवा जिम्नीसारख्या ४×४ गाडीत चार ठिकाणी: गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचा डिफरन्शियल आणि मागचा डिफरन्शियल. क्रेटासारख्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतो, त्यामुळे काम एकाच ठिकाणी होतं.

कधी बदलायचं?

किती किलोमीटरनंतर, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पण पावसाळ्यात गाडी खोल पाण्यातून गेली असेल तर तेवढी वाट पाहू नका. ब्रीदर किंवा सीलमधून पाणी आत शिरू शकतं. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे असं समजा आणि लगेच बदला.

कोणतं ऑइल?

इथे चूक महागात पडते. डब्यावर ७५डब्ल्यू-९० सारखा आकडा दिसतो, तो ऑइलचा दाटपणा. शेजारी जीएल-४ किंवा जीएल-५ लिहिलेलं असतं, तो दर्जा. जीएल-५ मध्ये जास्त दाब सोसण्यासाठी जादा रसायनं असतात, म्हणून ते डिफरन्शियलला चालतं. पण काही जीएल-५ ऑइल गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगा खराब करू शकतात. त्यामुळे "मोठा नंबर म्हणजे भारी" असं समजू नका. प्रत्येक भागासाठी मॅन्युअल सांगेल तेच ऑइल, तेवढंच घ्या. काही ट्रान्स्फर केसमध्ये तर गिअर ऑइल नाही, ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लागतं.

काय काय लागेल?

- प्लगच्या मापाचे पाने, शक्यतो टॉर्क रेंच
- ऑइल भरायचा हातपंप आणि नळी
- पसरट ट्रे, हातमोजे, जुनी फडकी
- प्लगचे नवे वॉशर

स्टेप बाय स्टेप

१. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. कोमट ऑइल पातळ होतं आणि भराभर निघतं. फार तापलं असेल तर थोडं थांबा, हात भाजेल.

२. गाडी सपाट जागी उभी करा. मोबाइलमध्ये लेव्हल दाखवणारं अ‍ॅप असेल तर फरशीवर ठेवून बघा. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर आणि चाकांना ठोकळे. एसयूव्ही उंच असल्यामुळे बऱ्याचदा जॅकशिवायही हात पोचतो. उचलायचीच असेल तर चारही बाजूंनी सारखी उचलून जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरू नका. जॅक सरकला तर जीव जाऊ शकतो.

३. आता सगळ्यात महत्त्वाचं: आधी वरचा फिलर प्लग सैल करा, मगच खालचा ड्रेन प्लग काढा. फिलर प्लग गंजून अडकलेला असू शकतो. ऑइल आधीच काढून टाकलं आणि वरचा प्लग उघडलाच नाही, तर नवं भरणार कुठून? गाडी जागेवरच अडकेल. कोरड्या गिअरबॉक्सवर ती गॅरेजपर्यंतही नेता येत नाही.

४. ड्रेन प्लग काढून ऑइल ट्रेमध्ये पूर्ण निथळू द्या. प्लगला चुंबक असेल तर त्यावर काळपट, मऊ गाळ दिसेल. तो नेहमीच्या झिजेचा असतो, पुसून टाका. पण धातूचे तुकडे दिसले तर फोटो काढा आणि मेकॅनिकला दाखवा.

५. नवा वॉशर लावून ड्रेन प्लग बसवा. मॅन्युअलमधल्या टॉर्कइतकाच आवळा, जास्त जोर लावला तर आटे जातात.

६. फिलरच्या भोकातून पंपाने ऑइल भरा. बहुतेक गाड्यांत ते भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं की लेव्हल पूर्ण होते. जादा ऑइल वाहून जाऊ द्या, मग प्लग लावा.

७. छोटी चक्कर मारून या आणि कुठे गळतंय का ते बघा.

हे घरी करू नका

ऑटोमॅटिक, सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच गाडी असेल तर गिअरबॉक्सचं काम गॅरेजवर सोडा. यांपैकी अनेक गाड्यांत लेव्हल इंजिन चालू ठेवून, ठरावीक तापमानालाच तपासावी लागते. वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

जुन्या ऑइलचं काय?

गटारात किंवा मातीत ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून, जुनं ऑइल अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजकडे द्या.

शेवटी मोबाइलमध्ये तारीख, किलोमीटर आणि ऑइलच्या डब्याचा फोटो जपून ठेवा. पुढच्या वेळी कामाला येईल आणि गाडी विकताना दाखवताही येईल.