रडारला ठिपका दिसला, उंची दिसली नाही

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आभाळातून जळत जाणारे गोळे आपल्या भागात कितीतरी लोकांनी पाहिले. मग बातमी आली, शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग पडली. चिनी रॉकेटचा तुकडा असल्याचं जाणकारांनी सांगितलं. त्यावर एक प्रश्न हमखास निघतो, "एवढे रडार आहेत, त्यांना दिसत नाही का?"

विमानतळाचं रडार अंतराळातून पडणाऱ्या वस्तूंसाठी नसतंच. पण खुद्द विमानाबद्दलही जुन्या रडारला सगळं कळत नव्हतं. त्याची किंमत या देशाने मोजली आहे.

या जुन्या रडारला प्राथमिक रडार म्हणतात. काम साधं. फिरता अँटेना रेडिओ लहरी सोडतो, त्या विमानाच्या पत्र्यावर आदळून परत येतात. विहिरीत हाक मारल्यावर आवाज परत येतो ना, तसंच. समजा रडार नागपूरला आहे आणि विमान आपल्या ब्रह्मपुरीवर. हवाई अंतर साधारण १०० किलोमीटर. लहरीचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला सेकंदाचा पंधराशेवा भाग. या वेळेवरून अंतर निघतं. लहर परत आली तेव्हा अँटेनाचं तोंड आग्नेयेला होतं, तर विमानही त्याच दिशेला. अंतर आणि दिशा मिळाली की पडद्यावर ठिपका उमटतो.

पण विमान किती उंचीवर आहे? ते या ठिपक्यात नसतं. ते कोणाचं आहे, हेही नसतं.

१२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून सौदीचं जंबो विमान निघालं, समोरून कझाकस्तानचं विमान उतरायला येत होतं. सौदीच्या विमानाला १४ हजार फुटांची परवानगी, कझाक विमानाला १५ हजारांची. दिल्लीकडे तेव्हा प्राथमिक रडारच होतं. नियंत्रकाला पडद्यावर दोन ठिपके दिसत होते, उंची मात्र वैमानिक रेडिओवर सांगतील ती खरी धरायची. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं. हरियाणातल्या चरखी दादरीजवळ टक्कर झाली. दोन्ही विमानांतले ३४९ च्या ३४९ लोक गेले.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत मुख्य चूक कझाक वैमानिकांची ठरली. पण दुय्यम रडार असतं तर? ते नुसता प्रतिध्वनी ऐकत नाही, विमानाला प्रश्न विचारतं. विमानातलं ट्रान्सपाँडर नावाचं यंत्र आपली ओळख आणि उंची कळवतं. एक विमान खाली घसरतंय हे नियंत्रकाला पडद्यावरच दिसलं असतं. दिल्लीसाठी ही नवी यंत्रणा घेतलेली होती, पण त्या संध्याकाळपर्यंत ती कामाला लागली नव्हती.

म्हणून जुनं रडार टाकाऊ झालं असंही नाही. ट्रान्सपाँडर बंद पडला तर विमान उत्तर देत नाही, तेव्हा प्राथमिक रडारच कामी येतं. दोन्ही लागतात.

दादरीनंतर दुय्यम रडार आलं, येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले, विमानात टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. सगळं नंतर.

आपल्याकडेही मशीन मंजूर होते, येते, फोटो निघतात आणि ती खोक्यातच पडून राहते. पुढच्या वेळी अशा मशीनचा फोटो दिसला की एवढंच विचारा, चालू कधी होणार?