छपरावरच्या सूर्याचा जमाखर्च

आलिया करून आलेल्या आपल्या पिढीला छपरांवरच्या पांढऱ्या टाक्या आणि त्यांच्या पायाशी कललेल्या काळ्या काचपेट्या आता दिसतही नाहीत, इतक्या त्या सवयीच्या झाल्या आहेत. परंतु हा दूद शेमेश या देशात सुखासुखी आलेला नाही. टंचाईने तो जन्माला घातला, तेल स्वस्त होताच तो मागे पडला, आणि अखेर कायद्याने त्याला छपरावर कायमचे बसवले. त्यापायी पैसे कोणी भरले आणि लाभ कोणाला झाला, हे एकदा नीट पाहून घ्यावे असे आम्हांस वाटते. कारण आता सौर विजेचे विक्रेते आपल्याही इमारतींच्या जिन्यांत येऊ लागले आहेत.

पन्नासच्या दशकारंभी देशात त्सेनाचे दिवस होते. साखर, अंडी, तेल, सारे मोजून मिळे. इंधन परदेशातून यायचे आणि त्यासाठी लागणारे परकीय चलन सरकारपाशी नव्हते. म्हणून रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत पाणी तापवण्यास सरकारने बंदी घातली होती. माअबरात राहणाऱ्या कुटुंबांना या बंदीचे काय वाटणार? त्यांच्याकडे बॉयलर होता कुठे! प्रायमसवर किंवा पतीलियावर पातेलेभर पाणी तापवायचे, आणि नेफ्तवाल्याच्या गाडीची घंटा ऐकू आली की डबा घेऊन धावायचे. कोकणात न्हाणीतल्या चुलाण्यात झावळ्या, करवंट्या, सोडणे सारली की शुक्रवारच्या आंघोळीला हंडाभर कढत पाणी मिळे, आणि त्याचे बिल येत नसे. नेगेवात माड नव्हते. ऊन मात्र कोकणापेक्षाही अधिक होते.

हे ऊन कामाला लावायचे लेवी यिस्सार या अभियंत्याने मनावर घेतले. त्यांनी 1953 साली सौर बंब बनवणारी कंपनी काढली आणि तिचे नाव ठेवले नेर-याह, म्हणजे देवाचा दिवा. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी 1891 साली उन्हात पाणी तापवणाऱ्या पेटीचे पेटंट घेतले होते, आणि 1909 साली कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवणारी पेटी व साठवणारी टाकी वेगळ्या केल्या, त्यामुळे पाणी रात्रीही गरम राहू लागले. आपल्या छपरांवर जे आहे ते त्याच वंशातले. त्यात पंप नाही, यंत्र नाही. काचेखालच्या नळ्यांतले पाणी तापले की हलके होऊन वरच्या टाकीत चढते आणि टाकीतले थंड पाणी खाली उतरते. ऊन आहे तोवर हा फेरा आपोआप चालू राहतो.

साध्या काळ्या रंगाची एक खोड होती. तो ऊन पितो तशी उष्णता बाहेरही टाकतो. हा दोष हॅरी त्स्वी ताबोर यांनी दूर केला. लंडनमध्ये 1917 साली जन्मलेले हे शास्त्रज्ञ 1949 मध्ये इस्राएलात आले आणि येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा त्यांच्याकडे सोपवली गेली. चकचकीत धातूच्या पत्र्यावर त्यांनी असा काळा थर चढवला की ऊन आत शिरावे पण उष्णता फारशी परत जाऊ नये. अमेरिकेत अ‍ॅरिझोना येथे 1955 साली सूर्यशक्तीवर जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीत त्यांनी हा थर जगापुढे मांडला. ताबोर 2015 साली, 98 वर्षांचे होऊन वारले. त्यांचे नाव आपल्या नातवंडांना ठाऊक असावे.

आता जमाखर्चाकडे वळू. लोकांना लाभ दिसत होता, तरी 1967 पर्यंत साधारण 20 घरांमागे एकाच घरात सूर्याने पाणी तापत होते. कारण उघड आहे. ऊन फुकट असले तरी टाकी फुकट नाही. वीज किंवा नेफ्तचे पैसे महिन्यामहिन्याने थोडे थोडे जातात, दूद शेमेशचे मात्र पहिल्याच दिवशी सारे मोजावे लागतात. दिमोना, लोद, रामले अशा गावी नवे संसार थाटणाऱ्या आपल्या माणसांच्या हाती असा रोख पैसा नव्हता. ज्याला बचतीची गरज अधिक, त्यालाच बचतीचे साधन परवडत नाही! हा पेच आजही सुटलेला नाही.

त्यातच सहा दिवसांच्या युद्धात सिनाईमधील अबू रुदैसच्या तेलविहिरी इस्राएलच्या ताब्यात आल्या. तेल मुबलक झाले आणि सूर्याचे गिऱ्हाईक घटले. पुढे 1973 चे युद्ध झाले, जगात तेलाचे भाव चौपट झाले, 1975 मध्ये त्या विहिरी इजिप्तला परत गेल्या आणि 1979 मध्ये इराणातील क्रांतीने तिथले तेलही बंद झाले. तेव्हा कुठे जाग आली. 1980 मध्ये नियम झाला की नव्या राहत्या इमारतींना दूद शेमेश लावलाच पाहिजे; छप्पर अपुरे पडेल अशा उंच इमारती तेवढ्या वगळल्या. 1983 च्या सुमारास लोकसंख्येपैकी 60 टक्के लोक सूर्याने तापलेले पाणी वापरत होते. त्यानंतर ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तेल पुन्हा कोसळले, पण या वेळी टाक्या छपरावरून उतरल्या नाहीत, कारण नियम उभा होता. आमच्या मते श्रेय यिस्सार आणि ताबोर यांच्याइतकेच या रुक्ष नियमालाही आहे. त्याने टाकीची किंमत घराच्या किमतीत मिसळली, आणि रोख पैशाअभावी अडलेल्या कुटुंबालाही कर्जाच्या हप्त्यांतून ती घेता आली.

आपले पूर्वज कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जात. आठवड्याचे सहा दिवस घाणा चाले आणि शब्बाथला थांबे. सूर्य मात्र शब्बाथला थांबत नाही, आणि त्यामुळे दूद शेमेशने एक प्रश्न उभा केला. शब्बाथला गरम पाण्याची तोटी उघडली की टाकीत थंड पाणी शिरते आणि तापू लागते. मग हे शिजवणे झाले काय? मिश्नाच्या शब्बाथ भागातील तिसऱ्या प्रकरणात तिबेरियाच्या लोकांची हकिकत आहे. त्यांनी थंड पाण्याची नळी तिथल्या उष्ण झऱ्यांतून नेली होती. ज्ञात्यांनी सांगितले की शब्बाथला असे तापलेले पाणी अंघोळीस व पिण्यास चालणार नाही. गेमारा पुढे भेद करते. थेट उन्हात शिजवण्यास हरकत नाही, पण उन्हाने तापलेल्या वस्तूच्या योगे शिजवण्यास ज्ञात्यांनी मना केली. आता काचपेटीतल्या नळ्या कोणत्या बाजूला मोडतात, यावर रब्बींमध्ये मतभेद आहे. रब्बी ओवादिया योसेफ यांनी विजेचे बटण बंद असेल तर ते पाणी वापरण्यास परवानगी दिली. दुसऱ्या थोर रब्बींनी दिली नाही. ज्याने त्याने आपल्या रब्बींना विचारावे. नेफ्तच्या चुलीबाबत असा वाद घालण्याची पाळीच येत नव्हती, एवढे खरे.

बटणाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दूद शेमेशची बचत बहुधा त्या बटणातूनच गळते. पावसाळी दिवसांत टाकीतल्या विजेच्या कांडीची गरज पडते, पण बटण रात्रभर चालू राहिले तर सूर्याने वाचवलेले सारे वीज कंपनीकडे जमा होते. शब्बाथचे घड्याळ लावून ती कांडी थोडा वेळच चालवावी. आपल्याकडचे पाणी जड असल्याने कांडीवर चुना, म्हणजे अवनित, साचतो आणि मग तीच वीज खर्चून पाणी कोमट येते. उलट तम्मूझ-आवमध्ये टाकीतले पाणी इतके कढते की वृद्धांची त्वचा भाजावी. तेव्हा आधी थंड तोटी सोडावी, मग गरम.

छपरावर वीज तयार करण्याची गोष्ट मात्र निराळी घडली. सरकारने 2008 साली घरगुती सौर विजेला भाव दिला तो युनिटमागे सुमारे 2 शेकेल, आणि तोही 20 वर्षांसाठी. ग्राहक स्वतः विजेला जो दर देत होता, त्याच्या कितीतरी पट हा भाव होता. वरचा पैसा आला कोठून? सर्व ग्राहकांच्या वीजबिलातून. म्हणजे स्वतःचे छप्पर असलेल्या बंगलेवाल्याची कमाई शिकूनमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, छपरावर एकट्याचा हक्क नसलेल्या पेन्शनरानेही थोडीथोडी भरली. या योजनेला मर्यादा होती, पुढे पॅनेल फार स्वस्त झाले आणि भावही उतरले, हे मान्य. आरंभी कोणीतरी महाग घेतल्याशिवाय नवी वस्तू स्वस्त होत नाही, असेही म्हणता येईल. पण ते महाग घेणे कोणाच्या खिशातून झाले, हे विसरू नये.

मोठ्या प्रकल्पांतही हाच फरक दिसतो. अरावातील केतुरा किबुत्झाचे सौर शेत 2011 मध्ये सुरू झाले. पुढे नेगेवात आशालीम येथे सुमारे 50 हजार आरसे एका उंच मनोऱ्यावर ऊन फेकू लागले. दुरून पाहताना डोळे दिपतात, पण त्या विजेचा भाव साध्या पॅनेलच्या विजेपेक्षा महागच पडला. दिमोनाच्या छपरावरची पंप नसलेली टाकी त्यापुढे गरीब दिसते. आमच्या हिशेबाने मात्र या देशातील सूर्याचा सर्वांत स्वस्त सौदा तोच.

आता तुमच्या इमारतीच्या वाद बाइतपुढे छप्पर पॅनेलसाठी भाड्याने देण्याचा कागद आला, तर तो लगेच फेटाळूही नका आणि चष्मा न लावता सहीही करू नका. छप्पर सामाईक असेल तर त्यात तुमचाही वाटा आहे. करार किती वर्षांचा आहे, उत्पन्न कोणाच्या खात्यात जमा होणार, गळती झाली तर दुरुस्ती कोण करणार आणि इमारत पाडून नवी बांधायची ठरली तर पॅनेल कोणाच्या खर्चाने उतरणार, हे विचारा. आणि पॅनेलांना जागा करण्यासाठी तुमचा जुना दूद शेमेश हलवणार असतील, तर तो कोठे नि कोणाच्या पैशाने पुन्हा बसणार, हे त्याच कागदावर लिहून घ्या.