कॉट बेसिसच्या खोलीत, एकट्याने ताण हलका कसा करायचा?

पुण्यात केसरीवाड्यापासून अलका चौकाकडे नारायण पेठेच्या गल्ल्यांतून चालत गेलं, की दोन पाट्या पुन्हा पुन्हा दिसतात. एक 'अभ्यासिका'ची, दुसरी 'कॉट बेसिसवर जागा'ची. एमपीएससी-यूपीएससीच्या तयारीसाठी राज्यभरातून आलेली मुलं-मुली इथे एका खोलीत तिघं-चौघं राहतात. परीक्षेची तारीख पुढे गेली, निकाल लांबला किंवा नुसता घरून फोन आला, तरी छातीत धडधड सुरू होते. अशा वेळी 'चार दिवस फिरून ये' हा सल्ला काय कामाचा? पैसे मोजून वापरायचे असतात आणि शेजारच्या कॉटवर कुणीतरी झोपलेलं असतं.

मग आहे त्या जागेत काय करता येईल?

सुरुवात श्वासापासून

ताण आला की शरीरात ॲड्रेनॅलिन वाढतं. हृदयाचे ठोके जलद होतात, श्वास वरवरचा होतो. ठोक्यांना 'हळू पडा' असं सांगता येत नाही, पण श्वासाचा वेग आपल्या हातात असतो. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. म्हणून खरी गंमत सोडण्यात आहे. नाकाने ४ आकडे मोजत श्वास घ्या, ६ ते ८ आकडे मोजत सोडा. जोर लावू नका. गरगरलं तर थांबा.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे मुद्दाम घेतलेला उसासा. नाकाने श्वास घ्यायचा, त्यावर आणखी थोडा घ्यायचा आणि तोंडाने सावकाश सोडायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी महिनाभर रोज ५ मिनिटं हे केलं. ध्यान करणाऱ्या गटापेक्षा त्यांच्या मनःस्थितीत जास्त सुधारणा दिसली. भ्रामरीही चांगली, पण रात्री दोन वाजता रूममेटच्या कानाशी नको.

आधी आवळा, मग सोडा

'रिलॅक्स हो' म्हटल्याने कुणी रिलॅक्स होत नाही. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरने यावर तोडगा काढला आणि १९२९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या पद्धतीचं आज रुळलेलं सोपं रूप असं: एकेक स्नायू ५ सेकंद आवळायचा, मग एकदम सैल सोडून १०-१५ सेकंद तसंच पडून राहायचं. पावलं, पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा असं वर वर जायचं. दिवसभर अभ्यासिकेत वाकून बसणाऱ्यांनी खांदे आणि जबडा चुकवू नयेत; दात आवळून बसलोय हे अनेकांना सोडल्यावरच कळतं. दुखऱ्या जागी मात्र आवळू नका. शेवटी जी अवस्था येते ती आपल्या शवासनाच्या जवळची आहे. योगाचे शरीरावरचे परिणाम यंत्रांनी मोजायचं काम स्वामी कुवलयानंदांनी बडोद्यात सुरू केलं होतं. त्यांचं कैवल्यधाम १९२४ चं.

आणि चहा?

ब्रेक म्हणजे टपरी, हे पेठेतलं ठरलेलं गणित. मात्र कॅफिन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. रात्री दहाच्या कपाचा अर्धा अंमल पहाटे तीनलाही शिल्लक असतो. संध्याकाळनंतरचा चहा टाळून अलका चौकातून लकडी पूल ओलांडून संभाजी बागेपर्यंत चालून आलं तर जास्त फायदा होतो. फोन खोलीवर ठेवून. टेलिग्रामवरच्या कटऑफच्या चर्चा खिशात घेऊन फिरलं तर पाय चालतात, डोकं तिथेच राहतं.

एवढ्याने भागत नसेल तर

हे उपाय त्या वेळेपुरती धडधड कमी करतात. परीक्षा, पैसे, वाढतं वय हे प्रश्न त्याने सुटत नाहीत. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच रस वाटत नाही, असं असेल तर एकट्याने निभावू नका. जगणं नको असा विचार आला तर दोन आठवडे थांबूही नका. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीतून बोलता येतं.