गाडीच्या फडक्याची कुळकथा

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बादल्यांची वर्दळ सुरू होते. पावसाळाभर चिखलात भिजलेली गाडी सकाळी झेंडूची माळ घालायच्या आधी लखलखीत व्हायला हवी. मग घराघरातून एकच हाक ऐकू येते, ‘‘अगं, गाडी पुसायला एखादं जुनं फडकं दे.’’ आणि मिळतो तो विरलेला बनियन, नाहीतर फाटलेल्या टॉवेलचा तुकडा.

माझी पहिली गाडी मी चार वर्षं अशाच जुन्या सुती बनियनने पुसली. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत, त्याने कसला चरा पडणार, अशी माझी पक्की समजूत होती. एका संध्याकाळी उन्हं तिरपी झाली आणि बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेघांची वर्तुळं दिसली. मी दोन पावलं सरकलो, तर जाळंही माझ्याबरोबर सरकलं. म्हणजे रेघा सगळ्या बॉनेटभर, सगळ्या दिशांना होत्या. प्रकाशाला आडव्या येतील तेवढ्याच चमकत होत्या. त्या सगळ्या माझ्याच हाताने पडलेल्या होत्या. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून कुणी मला ‘घरी गाडी धुवायला कोणतं मशीन घेऊ’ असं विचारलं, की मी आधी त्याचं फडकं बघायला मागतो. पाण्याचा फवारा रंगाला दुरून लागतो. रंगावर दाबून फिरतं ते फडकं. आणि या साध्या वस्तूची कुळकथा माहीत झाली, की काय विकत घ्यायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

ही कथा आल्प्सच्या कड्यांवर सुरू होते. तिथे शाम्वा नावाचा एक प्राणी राहतो. शिंगं आकड्यासारखी मागे वळलेली, अंगकाठी बकरी आणि हरीण यांच्या मधली. त्याचं कातडं मऊ म्हणून नावाजलेलं होतं. त्याचं फ्रेंच नाव इंग्रजांच्या तोंडी ‘शॅमी’ झालं आणि आपल्याकडे गाड्यांच्या सामानाच्या दुकानात ‘शामी’ म्हणून पोचलं. नाव त्या प्राण्याचं टिकलं, कातडं मात्र बदललं. आज अस्सल शामी म्हणून जे विकतात ते मेंढीचं असतं. मेंढीचं कातडं जाडीत मधोमध चिरतात. वरचा केसांकडचा पापुद्रा वेगळ्या कामांना जातो आणि आतला, मांसाकडचा थर शामी होतो.

हे कातडं कमवायची रीत मला फार आवडते. त्यात बाभळीची साल नाही, की क्रोमचं मीठ नाही. माशाचं तेल, बहुतेक कॉड माशाचं, कातड्यात कुटून कुटून जिरवतात आणि मग ते हवेवर टांगतात. हवेतल्या प्राणवायूशी तेलाची क्रिया सुरू झाली, की कातडं आपोआप तापू लागतं. पुन्हा तेल, पुन्हा हवा. शेवटी सोड्याच्या पाण्याने जास्तीचं तेल काढून टाकतात. शामीचा तो ओळखीचा पिवळा रंग कुठून आणून लावलेला नसतो, या तेलाच्या क्रियेतून तो आपसूक येतो. फ्रान्समधलं निओर हे गाव या धंद्यासाठी आणि त्यातून होणाऱ्या हातमोज्यांसाठी प्रसिद्ध होतं.

अशा कातड्याचा गुण असा, की ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितं आणि पिळलं की लगेच पुन्हा प्यायला तयार होतं. वाळलं की पापडासारखं कडक, ओलं केलं की लोण्यासारखं मऊ. घोड्यांच्या बग्ग्यांना व्हार्निशचे थर चढवलेले असत. ते लावून, वाळवून, घासून गाडी तयार व्हायला आठवडे लागत. त्या चकाकीवर पाण्याचा डाग राहू नये म्हणून शामी फिरवायची. बग्ग्या गेल्या, मोटारी आल्या, रंगवायची पद्धत सुरुवातीला तीच राहिली आणि फडकंही तेच राहिलं. पुढे 1920 च्या दशकात ड्युपाँट कंपनीचा ड्युको हा झटपट वाळणारा लॅकर आला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. तरी मोटारवाल्यांच्या हातातली शामी काही सुटली नाही.

शामीत एक खोट मात्र पहिल्यापासून होती. तिचा पृष्ठभाग सपाट. पाणी ती आत घेते, पण धुळीच्या कणाला आत जायला तिच्यात जागा नाही. कण कातडं आणि रंग यांच्या मध्ये सापडतो आणि हाताबरोबर फरफटत जातो. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, बारीक कण असतात. मोजमापाच्या पट्टीवर क्वार्ट्‌झचा कठीणपणा 7, काचेपेक्षाही जास्त. आजच्या गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या बारीक केसाएवढा. त्यावरून असा कण फरफटला, की रेघ ठरलेली. सुती बनियनचंही तेच होतं. सूत मऊ खरं, पण चरा सूत पाडत नाही, सुताने धरून ठेवलेला कण पाडतो.

आता कथा जपानला जाते. तोरे या कंपनीत मियोशी ओकामोतो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांना फडकं करायचंच नव्हतं. त्यांना कृत्रिम कातडं करायचं होतं, स्वेडसारखं मखमली. (‘स्वेड’ हा शब्द म्हणजे फ्रेंचांनी घेतलेलं स्वीडनचं नाव, तिकडच्या मऊ हातमोज्यांवरून रूढ झालेला.) खऱ्या कातड्याचा मऊपणा त्यातल्या अतिसूक्ष्म तंतूंच्या जुडग्यांतून येतो. तेव्हा धागा तितकाच बारीक केला पाहिजे. पण इतका बारीक धागा यंत्रातून ओढला तर तुटतो. ओकामोतोंची युक्ती अशी, की एका पदार्थाच्या ‘समुद्रा’त दुसऱ्या पदार्थाची अनेक ‘बेटं’ ठेवून जाड धागा ओढायचा, कापड तयार करायचं आणि मग समुद्र विरघळवून टाकायचा. मागे उरतात ती केवळ बेटं, म्हणजे अतिसूक्ष्म तंतू. 1970 मध्ये हे कापड बाजारात आलं. अमेरिकेत त्याला अल्ट्रास्वेड म्हणतात. 1972 मध्ये हॅल्स्टन या अमेरिकी वेशभूषाकाराने त्याचा साधा शर्टासारखा झगा काढला आणि तो तुफान खपला. त्याच वर्षी तोरेच्याच भागीदारीत इटलीत अल्कांतारा कंपनी उभी राहिली. आज महागड्या गाड्यांच्या आसनांवर आणि स्टिअरिंगवर दिसतं ते अल्कांतारा याच घराण्यातलं.

कातड्याची नक्कल करता करता जन्मलेल्या या धाग्यानेच पुढे शामीची जागा घेतली. या कुळकथेतलं मला सर्वांत भावलेलं वळण हेच.

पुसायच्या कापडासाठी या धाग्याची वेगळी जात वापरतात. मोसंबं आडवं कापून बघा. फोडी पॉलिएस्टरच्या, फोडींमधले पडदे नायलॉनचे, असा एकच धागा ओढतात. कापड विणून झालं, की गरम क्षाराच्या पाण्यातून काढून ते चोळतात आणि फोडी पडद्यांपासून सुटतात. एका धाग्याचे अनेक धागे होतात, प्रत्येकाची जाडी पाच मायक्रॉनच्या आसपास आणि कडा पाचरीसारख्या. या पाचरींच्या मधल्या फटींत पाणीही शिरतं आणि लवीच्या खोलीत धुळीचा कणही शिरतो, रंगापासून दूर. शामीत जे नव्हतं ते इथे आहे. वेष्टनावर 80/20 किंवा 70/30 लिहिलेलं असतं ते पॉलिएस्टर आणि नायलॉनचं प्रमाण.

फोडी सुटलेलं कापड आणि नुसतंच बारीक धाग्याचं कापड यातला फरक हाताला कळतो. कोरड्या बोटांनी ते हळूच चोळा. बोटाच्या खरखरीत कातडीत ते अडकल्यासारखं, चिकटल्यासारखं वाटलं तर फोडी सुटलेल्या आहेत. टेबलावर पाण्याचे चार थेंब टाकून कापड न दाबता त्यावरून ओढा. पाणी पुढे ढकललं गेलं तर ते दुकानातच ठेवा. कडेची शिवण बघा. जाड ओव्हरलॉक आणि टोचणारी चिठ्ठी असलेलं कापड रंगावर नेऊ नका. चिठ्ठी उसवून काढावी; कात्रीने कापली तर तिचा खुंट राहतो आणि तोच ओरखडतो. वजनाचं म्हणाल तर दर चौरस मीटरला 300 ते 400 ग्रॅमचं कापड रोजच्या कामाला पुरे, गाडी वाळवायला 500 च्या पुढचं जाड घ्यावं.

बाकीचं सामान या फडक्याच्या सेवेला आहे, असं समजून घ्या. पाण्याचा दाब द्यायचा तो एवढ्यासाठी, की फडकं लागायच्या आधी जास्तीत जास्त धूळ निघून जावी. प्रेशर वॉशर घरी 100 बारच्या आसपासचा भरपूर झाला. फवारा पंख्यासारखा पसरट ठेवा, पत्र्यापासून फूटभर लांब धरा आणि एका रेषेत धार टाकणारं तोंड गाडीला कधीच लावू नका. विजेच्या जोडणीला अर्थिंग नसेल तर ओल्या जमिनीवर ते मशीन चालवूच नका. तिथे प्रश्न रंगाचा राहत नाही. दोन बादल्या हव्यात, एक शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची आणि तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली रेती फडक्याबरोबर पुन्हा वर येत नाही. भांड्यांचा साबण नको, तो रंगावरचं मेणही उतरवतो.

पाण्याची गोष्ट महाराष्ट्रात सांगायची वेळ येऊ नये. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे आपण पाहिलं आहे. नळाला पाइप लावून गाडीवर सोडून देण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. दोन बादल्यांत गाडी उत्तम धुतली जाते, कारण चांगलं फडकं थोड्या पाण्यात जास्त काम करतं.

आपल्या घरात कापडांचीही एक उतरंड असते. चुलीपाशी मसोतं, जमिनीला पोतेरं, दाराशी पायपुसणं, आणि देवाची भांडी पुसायचं कापड या सगळ्यांपासून लांब ठेवलेलं. मसोतं विरलं की त्याचं पोतेरं होतं. पोतेऱ्याचं मसोतं कधी होत नाही. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि तिने कधी ते चुकवलं नाही. गाडीलाही हाच नियम लावा. रंगाचं फडकं वेगळं, काचेचं वेगळं, चाकांचं वेगळं, कारण चाकांवर ब्रेकमधून झडलेला लोखंडाचा भुगा असतो. रंगाचं फडकं एकदा जमिनीवर पडलं की त्याची पायरी उतरली, ते चाकांकडे गेलं. धुताना सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, लवीत सुताची तुसं अडकतात. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य घालू नका, ते पाचरींच्या फटी बुजवतं. कडक उष्णता देऊ नका, धागा वितळून त्याची टोकं टणक होतात. थोड्या पातळ साबणात धुऊन सावलीत वाळवलं, की ते वर्षानुवर्षं साथ देतं.

या दसऱ्याला बादली भरण्याआधी तुमचं फडकं खिडकीशी नेऊन उलगडा आणि लवीतून बोट फिरवा. एक जरी खडा किंवा काडी लागली तर ते चाकांना द्या. बॉनेटसाठी दुसरं काढा.