कर्जाचे कायदे झाले, पण कर्जदाराशेजारी कोण बसले?



विंचूर चौफुलीवर काय किंवा लासलगाव, निफाडमध्ये काय, ‘कर्ज सल्लागार’ अशी पाटी दिसली की समजायचे, इथे कर्ज मिळवून देणारा एजंट बसतो. कर्जातून बाहेर कसे पडायचे हे सांगणाऱ्याची पाटी कुठेच नसते. आपली बी.ए., एम.ए., एम.एस.डब्ल्यू. झालेली मुले मात्र फायनान्स कंपन्यांत वसुलीच्या नोकरीला लागतात आणि आपल्याच वस्तीत आपल्याच आयाबहिणींकडे हप्ता मागायला येतात. हीच मुले पुन्हा प्रशिक्षण घेऊन कर्जदाराच्या बाजूने का उभी राहू नयेत? या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. रोखे हिसकावून जाळले गेले. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्याजवळ कागद जाळण्यापलीकडे उपाय तरी कोणता होता?

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन कृषक कर्जनिवारण कायदा आला. कायदा कमजोर नव्हता. रोख्यावरील आकडा खरा न मानता मूळ व्यवहाराची चौकशी करण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. गावपातळीवर तडजोड करणारे नेमण्याची सोय झाली. पण मुख्य तरतुदी सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू होत्या. म्हणजे कोपरगावच्या शेतकऱ्याला जे संरक्षण मिळाले, ते शेजारच्या येवल्याच्या किंवा विंचूरकर सरदारांच्या जहागिरीतल्या विंचूरच्या शेतकऱ्याला तेव्हा मिळाले नाही.

यातली खरी मेख पुढे आहे. तडजोड करणाऱ्यापुढे वकिलाला मनाई होती. हेतू चांगला, खर्च वाचावा. सबळ कारण असेल तर नातेवाईक सोबत आणण्याची मुभा होती. पण सावकार स्वतःच लिहिता-वाचता, हिशेबात मुरलेला. कर्जदार निरक्षर आणि त्याचा नातेवाईकही निरक्षर. कायदा कर्जदाराच्या बाजूचा होता, पण त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. महात्मा फुले यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या नागवणुकीचा संबंध अविद्येशी जोडला, तो याच परिस्थितीत.

ही झाली जमीनवाल्याची गोष्ट. आपले काय? महारकी वतनाची जमीन मोकळेपणाने विकता वा गहाण ठेवता येत नसे. ज्याच्याकडे तारण ठेवायला जमीन नाही, त्याचे तारण म्हणजे त्याचे हात. उचल घ्यायची आणि सालदार म्हणून राबायचे. या उचलीचा बहुतेक वेळा कागदच नसे, मग कागदामागच्या व्यवहाराची चौकशी कशाची होणार? अशा कर्जापोटीची वेठबिगारी बेकायदा ठरवून ते कर्जच रद्द करणारा देशव्यापी कायदा यायला १९७६ साल उजाडले. त्याच सुमारास महाराष्ट्राच्या १९७५च्या कर्जमुक्ती कायद्याने छोटे शेतकरी, ग्रामीण कारागीर आणि शेतमजूर यांना सावकारी कर्जातून सोडवले. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले, १९७७ साली हरले.

बाबासाहेबांचा एक अनुभव इथे आठवला पाहिजे. परदेशातून परतल्यावर मुंबईत त्यांनी शेअर व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाचा सल्ला जातीमुळे नाकारला गेला. पैशाबद्दल कोणी सल्ला द्यावा, हेसुद्धा या देशात जात ठरवत होती. म्हणून आपल्यातला माणूस या जागेवर बसणे हा नोकरीइतकाच हक्काचाही प्रश्न आहे. ज्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा झाली, ते आपल्यापासून एसटीच्या थोड्याच अंतरावर आहे. हा वारसा केवळ जयंतीपुरता ठेवायचा का?

आता शिकायचे काय?

पहिले, हिशेब. ४०,००० रुपये, १२ टक्के ‘फ्लॅट’ दर, दोन वर्षे. व्याज ९,६०० आणि मासिक हप्ता सुमारे २,०६७ रुपये. ऐकायला १२ टक्के, पण मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज पूर्ण रकमेवर लावले जाते, म्हणून खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. बचत गटाच्या बैठकीत फळ्यावर हे मांडून दाखवता आले पाहिजे.

दुसरे, कायदा. २०१४च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. अवैध सावकाराने कर्जापोटी बळकावलेली जमीन परत मिळण्यासाठी पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहाराबाबत जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. मायक्रोफायनान्सबाबत रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात की सर्व कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत आणि वसुलीसाठी सकाळी ९च्या आधी व संध्याकाळी ६नंतर फोन करू नये. किती बायकांना हे माहीत आहे?

तिसरे, सोबत जाणे. अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. विधी सेवा प्राधिकरणाकडून विधी स्वयंसेवकाचे प्रशिक्षण घेता येते. सुरुवात तिथून करा.

कोणी म्हणेल, सल्लागाराने काय होणार, प्रश्न तर मजुरीचा आणि जमिनीचा आहे. बरोबर. म्हणूनच ‘राज्य आणि अल्पसंख्याक’मध्ये बाबासाहेबांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून भांडवलही राज्यानेच पुरवावे अशी मांडणी केली. ती लढाई सोडायची नाही. पण आज दारात उभ्या असलेल्या वसुलीवाल्याला उत्तर आजच द्यावे लागते. आणि ‘हप्ते भरूच नका’ अशी पोकळ घोषणा किंवा ‘कर्ज माफ करून देतो’ म्हणत फी उकळणारा दलाल, हे दोन्ही ते उत्तर नव्हेत.

१८७५ साली कागद जाळावे लागले, कारण वाचणारा आपल्या बाजूला नव्हता. आज आपण वाचू शकतो. वाचता येणाऱ्यांनी आता कर्जदाराशेजारी जाऊन बसावे.

जय भीम!