इंग्लिंग राजवंश
स्वीडन व नॉर्वे येथील एक प्राचीन राजवंश. फ्रे ऊर्फ इंग्वी या सुफलतेच्या देवापासून आपली उत्पत्ती झाली, असे हे घराणे मानी. त्यावरूनच त्यास हे नाव पडले. त्याची मूळ राजधानी स्वीडनमधील उप्साला.

वंशावळीचा मुख्य आधार ‘इंग्लिंगाताल’ हे काव्य होय. नॉर्वेजियन राजकवी थ्योदोल्फ याने ते रोग्नवाल्ड या राजासाठी नवव्या शतकाच्या सुमारास रचले, अशी परंपरा आहे. आइसलँडचा इतिहासकार स्नॉरी स्टुर्लुसॉन (११७९–१२४१) याने त्याच्या आधारे ‘इंग्लिंगा सागा’ लिहिली. काव्यात राजांच्या पराक्रमापेक्षा त्यांच्या मृत्यूचेच वर्णन अधिक आहे. फ्योल्निर मद्याच्या पिंपात बुडून मेला. दोमाल्दीचा त्याच्याच प्रजेने बळी दिला. दुष्काळ हटावा म्हणून तो दिला गेला, असे स्नॉरी सांगतो. आश्रयदात्याच्या पूर्वजांची अशी मरणे गाणारे राजकाव्य विरळाच.

आरंभीचे राजे उघडच पौराणिक आहेत. तथापि ओत्तर व त्याचा पुत्र आदिल्स यांचा उल्लेख ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्यातही येतो आणि त्यातील एका स्वारीला फ्रँक इतिवृत्ताचा दुजोरा मिळत असल्याने त्यांचा काळ सहावे शतक ठरतो. स्वीडनमधील व्हेंडेल येथील ‘ओत्तरचा टेकाड’ १९१४–१६ मध्ये उत्खनित झाला. त्यात बायझंटिन सम्राट बॅसिलिस्कस याचे सोन्याचे नाणे सापडले. मात्र नाण्यावरून काळ कळतो, मृताचे नाव नव्हे. शिवाय स्नॉरीने ओत्तरचा मृत्यू डेन्मार्कमध्ये दाखविला आहे.

वंशावळीतील खरा कच्चा दुवा पुढेच आहे. ‘वृक्षछेदक’ ओलाफ स्वीडनमधून हाकलला गेला व त्याचे वंशज नॉर्वेत राज्य करू लागले, असे सांगितले जाते. हाफर्सफ्योर्डच्या लढाईनंतर (सु. ८७२) नॉर्वेच्या एकीकरणाचे श्रेय ज्यास मिळाले, तो हॅराल्ड फेअरहेअर याच शाखेतला मानला जाई आणि पुढील राजे त्याच्याच रक्ताच्या आधारे गादीवर हक्क सांगत. परंतु उपलब्ध काव्यात हॅराल्डचे नावच नाही; तो दुवा गद्यात जोडला गेला. नॉर्वेजियन इतिहासकार क्लाउस क्राग याने १९९१ मध्ये तर संपूर्ण काव्यच बाराव्या शतकातील ठरविले. हे मत सर्वमान्य नाही.

वंशावळीचा मोह राजांपुरताच नव्हता. आइसलँडचा पहिला इतिहासकार आरी थोर्गिल्सॉन (सु. १०६७–११४८) याने आपल्या ‘आइसलँडर्स’ या लहानशा ग्रंथाच्या अखेरीस इंग्वीपासून सुरू होणारी यादी दिली आहे आणि तिच्यातील शेवटचे नाव त्याचे स्वतःचे आहे.