मॅन्युअलवर राहिलेला खटका

पहाटे मुंबईहून जयपूरचं विमान धरलं की नाश्त्याच्या वेळेला बनी पार्कातल्या हॉटेलात बॅग टाकता येते. २० सप्टेंबर २०१८ रोजी जेट एअरवेजच्या १६६ प्रवाशांना ते जमलं नाही. विमान वर चढत असतानाच ऑक्सिजनचे मास्क लोंबू लागले. कुणाच्या नाकातून रक्त, कुणाच्या कानातून. विमान मुंबईला परतलं. केबिनला इंजिनातली हवा पुरवणारा ‘ब्लीड’चा खटका वैमानिकांनी चालूच केला नव्हता, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितलं.

ही चूक कॉकपिटमधली, आणि निभावली. केबिनच्या दाबाचाच खटका देखभालीत चुकीच्या जागी राहिला, तेव्हा काय झालं ते सायप्रसमध्ये दिसलं होतं.

१४ ऑगस्ट २००५, रात्री १.२५. हेलिओस एअरवेजचं बोइंग ७३७ लंडनहून लार्नाकाला उतरलं. मागच्या उजव्या दाराशी बर्फ धरतोय, विचित्र आवाज येतात, अशी तक्रार कर्मचाऱ्यांनी नोंदवली.

पहाटेपूर्वी. इंजिनीअरने दार पाहिलं, मग गळतीची चाचणी घेतली. उभ्या विमानात हवा भरून दाब टिकतो का ते बघायचं, म्हणजे दाबाचं नियंत्रण ऑटोवरून मॅन्युअलवर घ्यावं लागतं. गळती सापडली नाही. खटका मात्र मॅन्युअलवरच राहिला.

सकाळी ९.०७. अथेन्समार्गे प्रागसाठी उड्डाण. ११५ प्रवासी, ६ कर्मचारी. उड्डाणापूर्वीची तयारी, इंजिन सुरू करण्याआधीची यादी, हवेत गेल्यानंतरची यादी: तीन वेळा त्या पॅनेलकडे पाहायचं होतं. रोज ऑटोवरच असणारी गोष्ट डोळे पाहत नाहीत, नुसती गृहीत धरतात. म्हणून एकट्या इंजिनीअरला फासावर चढवून हे प्रकरण मिटवणं मला पटत नाही.

९.१२. सुमारे १२,००० फुटांवर भोंगा वाजला. केबिनमधला दाब घटतोय, हे तो सांगत होता. पण या विमानात अगदी हाच भोंगा आणखी एका कामाला ठेवलेला होता: धावपट्टीवर उड्डाणाची मांडणी चुकली तर. हवेत हा दुसरा इशारा येऊच शकत नाही. तरी वैमानिकांनी त्याचा अर्थ तोच लावला, कारण जमिनीवर तो ऐकायची त्यांना सवय होती. मास्क न घालता ते चढत राहिले. विरळ हवेत माणसाची बुद्धी आधी मंदावते, आणि ती मंदावल्याचं त्याला स्वतःला कळत नाही.

९.१४ नंतर. मागे प्रवाशांचे मास्क खाली आले. कॅप्टन रेडिओवर कंपनीशी बोलत होता. पलीकडे रात्रीचाच इंजिनीअर होता. दाबाचं पॅनेल ऑटोवर आहे ना, असं आपण विचारलं, असं त्याने नंतर सांगितलं. योग्य प्रश्न होता. कॅप्टनने उत्तर न देता उपकरणं थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचे सर्किट ब्रेकर कुठे आहेत ते विचारलं.

९.२०. शेवटचं बोलणं. विमान २८,९०० फुटांवर.

९.२३. ऑटोपायलटने ३४,००० फूट गाठले. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन जेमतेम १२ मिनिटांचा.

१०.३८. अथेन्सजवळच्या केआ बेटावर विमान घिरट्या घालू लागलं. हाकांना उत्तर नाही.

११.२४. ग्रीक हवाई दलाची दोन एफ-१६ शेजारी आली. कॅप्टनची जागा रिकामी, सहवैमानिक पुढे कोसळलेला, केबिनमध्ये मास्क लोंबकळतायत.

११.४९. एक कर्मचारी कॉकपिटमध्ये शिरला. त्याच्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना होता, पण या विमानाचा अनुभव नव्हता. पुढच्याच मिनिटाला इंधनाअभावी डावं इंजिन बंद पडलं.

१२.००. उजवंही.

१२.०४. ग्रामातिकोच्या डोंगरावर विमान आदळलं. १२१ पैकी कुणी वाचलं नाही.

ढिगाऱ्यात सापडलेल्या पॅनेलवर खटका मॅन्युअलवर होता. तपासात देखभाल आणि वैमानिक यांच्याबरोबर कंपनी, सायप्रसची नियामक यंत्रणा आणि निर्माती कंपनी यांच्यावरही बोट ठेवलं गेलं. एका भोंग्याला दोन अर्थ असल्याने घोटाळे होतात, हे आधीच्या घटनांतून कळूनही पुरेसं काही केलं गेलं नव्हतं. पुढे अमेरिकेच्या नियामकाने जुन्या बोइंग ७३७ विमानांत दोन्ही इशाऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे बसवायला लावले.